ब्लाउजच्या जाहिरातीत अडवलेला शब्द

त्या रविवारी दुपारी आमच्या घरात आम्ही चौघी होतो. मी. माझी सून, ती पवईला एका ऑफिसात लोकांच्या फोनवरच्या जाहिराती लावायचं काम करते. माझी नणंद, ती मुलुंडला राहते, दर रविवारी येते आणि आल्याआल्या पंखा मोठा करते. आणि मनोरीची एक कोळीण, जिला आम्ही तिघींनी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मुलगा ड्युटीवर होता. माझे मालक, म्हणजे मुलाचे वडील, जाऊन बरीच वर्षं झाली, पण मी त्यांनाही यात धरते. मी जे काम करते ते त्यांच्या नजरेखाली शिकले.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी बोलते आणि सून फोनमध्ये घेते. मधेमधे ती विचारते, "आई, हे असंच ठेवू?" मी म्हणते, ठेव.

मी ब्लाउज शिवते. सगळ्यांसाठी नाही. ज्या बाईची एका बाजूची छाती ऑपरेशन करून काढलीय तिच्यासाठी. आत अस्तराला एक खिसा असतो, काखेकडून उघडा. त्यात एक पिशवी बसते. धुवायच्या वेळी पिशवी काढायची, ब्लाउज धुवायचा, वाळला की पिशवी परत आत. घाटकोपरला डोंगराच्या उतारावर आमची खोली आहे, वर पोटमाळा. त्या माळ्यावर माझं मशीन.

हे मला कुणी शिकवलं नाही. मलाच लागलं म्हणून मी केलं.

तेव्हा मी अंधेरीला एका गाळ्यात शर्टाच्या कॉलरी शिवायला होते. आंघोळ करताना छातीत हाताला गाठ लागली. दुखत नव्हती म्हणून मी गप्प बसले. दुखायला लागली तेव्हा मालकांना सांगितलं. ते मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले, तिथं खूप दिवस फेऱ्या झाल्या, मग ऑपरेशन. केस गेले. हाताची नखं काळी पडली. मुलगा शाळेत होता, त्याला सांगितलं आईला ताप येतो.

माझी सासू तेव्हा होती. तिनं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं, त्या दुखण्याचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की ते घर ओळखतं आणि परत येतं. आम्ही बुद्धवंदना करणारी माणसं, असल्या गोष्टी मानायच्या नाहीत हे सगळ्यांना ठाऊक. पण तिचं म्हणणं कुणी मोडलं नाही. मीही नाही. आमच्या घरात त्याला 'ते' म्हणायचे. "हिचं ते झालं तेव्हाची गोष्ट." सासू गेली, मालक गेले, पण 'ते' राहिलं. सून लग्न होऊन आली तर तीही 'ते' म्हणायला शिकली.

ऑपरेशननंतर मी गाळ्यात परत गेले. आत रुमालाची गुंडाळी घालायचे. मशीनवर वाकायचं म्हणजे ती हळूहळू वर सरकायची. एक दिवस गळ्यातून निघून खाली पडली, सगळ्या बायकांच्या मधे. शेजारच्या मशीनवरची बाई उठली, तिनं ती उचलली, झटकली, माझ्या मांडीवर ठेवली आणि परत जाऊन बसली. मग आमची दोघींची मशीनं सुरू झाली. मी कॉलर पुरी केली.

त्या रात्री नाही, पण त्या आठवड्यात मी ठरवलं, हे नीट शिवायचं. कापूस भरून बघितला. कापसाला वजन नसतं, तो ब्लाउज घेऊन वर जातो. आणि एका बाजूला वजन नसलं की बाईचं शरीर दुसऱ्या बाजूला ओढतं, खांदा वर चढतो, पाठ धरते. हे ज्याला नाही झालं त्याला कळायचं नाही. मग मला माळ्यावरची मोहरीची उशी आठवली. मुलगा जन्मला तेव्हा त्याचं डोकं गोल व्हावं म्हणून केली होती. मी ती उसवली आणि तीच मोहरी पिशवीत भरली.

झकास बसली. अंगाबरोबर हलायची, वाकलं की वाकायची. पण पावसाळ्यात आत काहीतरी टोचायला लागलं. काढून बघते तर घामानं मोहरीला मोड आलेले. मालकांना दाखवलं. ते बघत राहिले आणि म्हणाले, "आता भाजी कर याची." ऑपरेशननंतर आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो ते त्या मोहरीवर. तेव्हापासून मी मोहरी आधी तव्यावर कोरडी भाजते, गार करते, मग भरते. भाजलेली उगवत नाही.

मालक भाजीच्या बाजारात हमाली करायचे. त्यांच्या हाताला वजन कळायचं. मी ब्लाउज घातला की ते माझ्या मागं उभे राहायचे आणि खांदे बघायचे. "डावीकडं मूठभर अजून घाल." मी घालायचे. "आता जास्त झालं." मी काढायचे. मग म्हणायचे, "सरळ आहे." एवढंच. पण रोज कामावर जायच्या आधी बघायचे. सरळ आहे म्हणाले की मी घराबाहेर पडायचे.

दवाखान्यातल्या एका सिस्टरनं माझा ब्लाउज बघितला आणि मग ती तिथल्या बायका माझ्याकडं पाठवायला लागली. कितीतरी वर्षं तसंच चाललं. कल्याणच्या यायच्या, वसईच्या यायच्या, डोंगर चढून धापा टाकत यायच्या. बाई यायची ती एका कुशीला वाकलेली यायची आणि जायची ती नीट चालत. मग सिस्टर रिटायर झाली, गावाला गेली. नवी माणसं आली, त्यांना मी कोण ठाऊक नाही. बायका यायच्या बंद झाल्या.

मला पैशाचं तसं काही नव्हतं, मुलगा-सून कमावतात. पण मला सारखं वाटायचं, दवाखाना तर चालूच आहे. ऑपरेशनं चालूच आहेत. मग त्या सगळ्या बायका घालतात काय? कुठंतरी कुणाची तरी गुंडाळी खाली पडत असणार. आणि माझे डोळे आता किती दिवस साथ देतील? तेवढ्यात जेवढ्यांना मिळेल तेवढं मिळावं.

सुनेनं ते ओळखलं. म्हणाली, "आई, मी दिवसभर लोकांच्या जाहिराती लावते. तुमची लावते."

तिनं मला समजावून सांगितलं. माणसं फोनमध्ये काहीतरी लिहून शोधतात. आपण आधी सांगून ठेवायचं, अमुक शब्द कुणी लिहिले तर आपली जाहिरात दाखव. कुणी ती दाबली की आपले पैसे जातात, मग तो माणूस ब्लाउज घेवो न घेवो. आणि शब्द किती धरून चालायचं तेही सांगायचं. ब्रॉड म्हणजे शब्दाच्या आसपासचं कुणी काहीही लिहिलं तरी दाखव. एक्झॅक्ट म्हणजे तेच आणि तेवढंच लिहिलं तर दाखव. आणि मधलं एक, फ्रेज, म्हणजे आपलं बोलणं त्यात आलं पाहिजे, मागंपुढं आणखी काही असलं तरी चालेल. शिवाय काही शब्द अडवूनही ठेवता येतात. तो शब्द कुणी लिहिला की जाहिरात दाखवायचीच नाही.

मी म्हणलं, "म्हणजे एक ढगळ, एक अंगाला घट्ट, आणि एक माया, आत थोडं जास्तीचं कापड, सोडून शिवलेला."

"तसंच समजा," ती म्हणाली.

पहिल्यांदा तिनं ढगळ लावली. आमच्या कामाला माणसं थोडी, म्हणून सुरुवातीला ढगळ लावून बघू कोण येतं, असं तिचं म्हणणं. शब्द काय द्यायचे? 'ते' तर लिहिता येत नव्हतं. मग लिहिलं, पॅडवाला ब्लाउज. मी म्हणलं मोहरी पण लिही, आमचं खरं काम मोहरीचं. तिनं लिहिलं.

वाट लागली. फोन खाली ठेवायला मिळेना. लग्नाच्या पोरी, डोहाळजेवणाच्या पोरी, मागं दोरी पाहिजे, लटकन पाहिजे. एकीला बाळासाठी मोहरीची उशी पाहिजे होती. त्यातल्याच एका रविवारी नणंद आली होती, फोन तिनं उचलला. पलीकडून एक माणूस विचारतोय, "मोहरी काय भाव?"

नणंद म्हणाली, "ब्लाउजात भरून देतो, घेतोस का?"

त्यानं ठेवला. सून हसता हसता खाली बसली. "आत्या, एवढ्याशा बोलण्याचे आपले पैसे गेले!"

"जाऊ दे गं. त्याला पण आठवण राहील."

पण संध्याकाळी आणखी एक फोन आला, तो मी घेतला. एक म्हातारा होता. त्याच्या बायकोला ते झालं होतं. त्यानं सरळ नाव घेतलं आणि विचारलं, तुमच्याकडं त्यावर औषध मिळतं का. मी नाही म्हणलं. तो म्हणाला, बरं. आणि फोन ठेवला. नणंदेनं शब्द ऐकला होता. तिचा चेहरा पडला. "वहिनी, हे घरात नको. पैसे देऊन घरात बोलवायचं का ते? तो शब्द पहिला अडव."

सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी काही बोलले नाही. आमच्या घरात गप्प बसणं म्हणजे हो. तिनं अडवायच्या शब्दांत तेल टाकलं, उशी टाकलं, होलसेल, डोहाळे, औषध टाकलं. आणि त्यांच्यात तो शब्दही टाकला.

मग तिनं घट्ट जाहिरात लावली. आता शब्द काळजीपूर्वक निवडले. आम्ही तिघींनी बसून निवडले. 'आजारपणानंतरचा ब्लाउज.' 'बाईच्या दुखण्यानंतरचा ब्लाउज.' आम्हाला वाटलं, ज्या बाईला कळायचं तिला बरोबर कळेल. आमच्यातल्या कुठल्याही बाईला कळलं असतं.

फोन गप्प झाला. एक आठवडा गेला, दुसरा गेला. आधी मला बरं वाटलं, शांत झालं म्हणून. मग मी फोन चार्जिंगला आहे का बघायला लागले. आवाज मोठा आहे का बघायला लागले. सून म्हणायची, "आई, असल्या कामात शोधणारेच कमी असतात. थांबू थोडं." पण तिलाही चैन नव्हतं. मी मोहरी भाजून डब्यात भरून ठेवली होती. तिचा वास माळ्यावर बसून राहिला.

आणि मग तो रविवार.

दारात एक बाई उभी, नाकात मोठी चमकी, हातात पिशवी, कपाळावर घाम. मनोरीहून सकाळी निघालेली. बोटीतून खाडी ओलांडून, मग बस, मग गाडी, मग रिक्षा, आणि आमचा चढ पायी. तिच्याकडून मासे घेणारी एक बाई माझी जुनी गिऱ्हाईक होती, तिनं पत्ता दिला होता. बाईनं पाणी प्यायलं, भांडं खाली ठेवलं आणि सुरू झाली.

"काय गो बाय, तुम्ही इथं डोंगरावर बसलाय लपून, आणि आम्ही तिकडं ब्लाउजात मोजे कोंबून फिरतो. जाहिरात तरी द्यायची!"

सून म्हणाली, "मावशी, दिलीय ना जाहिरात. फोनवर."

"कुठं? माझ्या भाचीनं एवढं शोधलं. सगळ्या दुनियेचे शिंपी दाखवले, तुम्ही कुठं नाही."

"काय लिहून शोधलं?"

"काय लिहिणार? कॅन्सर झालेल्या बाईचा ब्लाउज."

नणंदेनं पदर तोंडाला लावला. "अहो, हळू ना. नाव कशाला घेता?"

"मग काय लिहू? ताप आलेल्या बाईचा ब्लाउज?" ती नणंदेकडं वळली. "मला कॅन्सर झाला, डॉक्टरनं कॅन्सर काढला, आता मला बाजारात बसायचंय. मी टोपली उचलली की माझी एक बाजू वर जाते. गिऱ्हाईक पापलेट सोडून माझ्याकडं बघतं. भाव कसा करू मी, सांग?"

नणंदेला हसूही येईना आणि रागही येईना. तिनं तोंडावरचा पदर खाली घेतला.

सुनेनं फोन हातात घेतला होता, पण ती त्यात काही बघत नव्हती. मला म्हणाली, "आई. मी अडवला ना तो शब्द. ज्या बायका नाव घेऊन शोधतात त्या सगळ्यांना मीच बाहेर ठेवलं. आणि आपण जे लिहिलंय ते आपल्या घराबाहेर कुणी लिहीतच नाही."

तिचे डोळे भरले. ऑफिसात दुसऱ्यांचे शब्द ती रोज तपासते, ही चूक तिच्या हातून तिथं कधीच झाली नसती. इथं झाली कारण इथं ती सून होती. तिनं आमच्या घराची रीत सांभाळली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणलं, "आधी हिचं माप घेऊ."

मी कोळणीला माळ्यावर नेलं. तिनं ब्लाउज काढला. व्रण अजून ताजा होता, लाल. माझा आता पांढरा झालाय. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "तुझा पण?" मी होकार दिला. ती म्हणाली, "दाखव." आजवर कुणी मला असं सांगितलं नव्हतं. मी दाखवला. तिनं बोटानं हळूच हात लावून बघितला, मासा ताजा आहे का बघतात तसा, आणि म्हणाली, "छान बसलाय की." मग मी तिची मापं घेतली. तिच्या ब्लाउजला मी काखेत नेहमीपेक्षा जास्त माया सोडली, टोपली उचलायचा हात म्हणून.

ती गेल्यावर आम्ही तिघी राहिलो. सुनेनं फोन काढला. "आई, आता तुम्ही सांगा. शब्द सोडू का?"

नणंद म्हणाली, "वहिनी, आईनं सांगितलं होतं..." आणि मग तिचं तीच थांबली. म्हणाली, "तुझं ते झालं तेव्हा मी रोज डबा आणायचे. पण तुला कसं आहे हे कधी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे नाव घ्यावं लागलं असतं ना."

मी म्हणलं, "डब्यात मेथी असायची. मला आठवतं."

सून म्हणाली, "तुम्ही बोला, मी लिहिते. काय लिहू?"

मला तो शब्द तोंडात आणायला वेळ लागला. इतक्या वर्षांत मी तो एकदाही बोलले नव्हते, मालकांशीसुद्धा नाही, देवघरात— नाही, आमच्यात देवघर नाही, पण मनातसुद्धा नाही. मग मी बोलले. "कॅन्सरनंतरचा ब्लाउज. कॅन्सर झालेल्या बाईचा ब्लाउज. छाती काढल्यावर घालायचा ब्लाउज." छत कोसळलं नाही. खालच्या घरात कुकरची शिट्टी झाली. नणंद उठली आणि चहा ठेवला.

सुनेनं तो शब्द अडवलेल्यांतून काढला. आता तिनं मधलं लावलं, फ्रेज. म्हणजे बाईनं मागंपुढं काहीही लिहू दे, आईसाठी, स्वस्त, घाटकोपर, कुठं मिळेल, पण हे बोलणं त्यात असलं पाहिजे. मराठीत लिहिलं, हिंदीत लिहिलं, आणि पोरी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात तसंही लिहिलं. औषध हा शब्द मात्र तसाच अडवून ठेवला. मीच सांगितलं. औषध आमच्याकडं नाही, मग कुणाला तेवढ्यापुरतीही आशा लावायची नाही.

फोन खूप वाजला असं नाही. आमचं काम तेवढंच आहे. पण जो वाजतो तो आता खरा वाजतो.

पहिला आला तो बोरिवलीच्या एका माणसाचा. म्हणाला, "ते... तुमच्याकडं ते ब्लाउज..." आणि अडकला. फोन ठेवेल की काय असं वाटलं. मी म्हणलं, "दादा, बायकोला कॅन्सर झाला का?" तो म्हणाला, "हो." मग त्याचा श्वास ऐकू आला. म्हणाला, "ती बाहेरच पडत नाही हो. बहिणीच्या घरी जेवायलापण येत नाही."

तो तिला घेऊन आला. बाई तरुण होती, सगळा वेळ ओढणी धरून बसली होती. शिवून झालं, ती परत आली, पिशवी घातली, वर माळ्यावर आरशासमोर उभी राहिली. मी खालून तिच्या नवऱ्याला हाक मारली. तो लाजला, नको म्हणाला. मी म्हणलं, "या वर. त्यांच्या मागं उभे राहा आणि दोन्ही खांदे बघा." तो उभा राहिला. बराच वेळ बघत राहिला. उजवीकडं थोडं कमी वाटतंय म्हणाला. मी मूठभर मोहरी घातली. परत बघितलं.

"सरळ आहे," तो म्हणाला.

बाईनं ओढणी घडी करून हातात घेतली आणि जिना उतरली. माझी सून खाली उभी होती, ती माझ्याकडं बघत होती. मालक असते तर त्यांना मी सांगितलं असतं, तुमचं काम अजून चालू आहे.

आता सकाळी माझे खांदे सून बघते. ऑफिसला जायची घाई असते, चप्पल पायात असते, तरी बघते.

हे जो कोण वाचत असेल त्याला माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरात अशी एखादी बाई असेल. आई असेल, बायको असेल, काकू असेल. तिच्यासमोर त्या दुखण्याचं नाव घ्या, ती घाबरायची नाही, तिनं ते अंगावर झेललंय. आणि ती बाहेर निघाली की एकदा तिच्या मागं उभे राहा, दोन्ही खांदे बघा, आणि सरळ आहेत का नाहीत ते तिला सांगा.